कोडी सोडवण्याच्या स्पर्धेत पहिल्यांदा उतरताना

रोजचं सुडोकू चहा संपायच्या आत सुटतं, मोठं शब्दकोडं दुपारपर्यंत हातावेगळं होतं, अवघड म्हणून छापलेलं कोडंही बहुतेक वेळा सुटतंच. मग मनात येतं, आपण स्पर्धेत का उतरू नये? जरूर उतरावं. फक्त घरचं कोडं आणि स्पर्धेतलं कोडं यांतला फरक आधी समजून घ्यावा. घरी समोर एकच कोडं असतं आणि वेळ हवा तेवढा असतो. स्पर्धेत समोर एकदम पंधरा-वीस कोडी येतात, घड्याळ चालू असतं, आणि ती सगळी वेळेत संपवणं बहुतेकांना जमू नये अशाच बेताने फेरी आखलेली असते. त्यामुळे कोडं सोडवता येणं हे अर्धंच काम. कोणतं घ्यायचं, कोणतं ठेवायचं आणि हातातलं कधी सोडून द्यायचं, हे उरलेलं अर्धं. हौशी माणसाचे गुण जातात ते बहुतांशी या दुसऱ्या अर्ध्यात.

माझ्या पहिल्या स्पर्धेत मी एका मोठ्या कोड्यावर एकतीस मिनिटं बसून राहिलो. ते सुटलं नाही. फेरी संपल्यावर पानं उलटून पाहिली, तर त्याच्यामागे चार छोटी कोडी कोरी होती आणि चारही माझ्या आवाक्यातली होती. पुढे लिहिलंय ते बरंचसं त्या एकतीस मिनिटांमुळे शिकलेलं आहे.

आधी स्पर्धा निवडा

'कोड्यांची स्पर्धा' या नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी येतात. शब्दकोड्यांच्या स्पर्धा असतात, जिगसॉचे तुकडे जुळवण्याच्या असतात, संघाने मिळून दिवसच्या दिवस कोडी उलगडत जाण्याच्या असतात. इथे मी तर्ककोड्यांबद्दल लिहितोय, म्हणजे सुडोकू आणि त्याची भावंडं. या कोड्यांना भाषेची गरज नसते, नियम दोन-तीन ओळींत मावतात आणि उत्तर एकच असतं, त्यामुळे जगात कुठूनही भाग घेता येतो.

या क्षेत्रातली जागतिक कोडी स्पर्धा 1992 साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली. जागतिक सुडोकू स्पर्धा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, 2006 साली इटलीतल्या लुका शहरात. दोन्ही आज वर्ल्ड पझल फेडरेशनच्या छत्राखाली होतात आणि तिथे देशांचे संघ उतरतात. नवख्या माणसाने तिकडे पाहून दडपून जाऊ नये, कारण आपला दरवाजा वेगळा आहे. हेच फेडरेशन ऑनलाइन ग्रां प्री, म्हणजे फेऱ्यांची मालिका, घेतं, एक सुडोकूची आणि एक बाकीच्या तर्ककोड्यांची. तिथे कुणीही नाव नोंदवून घरबसल्या खेळू शकतो. जी कोडी जगज्जेत्यासमोर असतात तीच तुमच्यासमोर असतात. असा शेजार फार थोड्या छंदांत मिळतो.

फक्त सुडोकू आवडत असेल तर सुडोकूच्या फेरीपासून सुरुवात करा. स्लिदरलिंक, मास्यू, नुरिकाबे, काकुरो, गगनचुंबी इमारती अशी नावं आधीच ओळखीची असतील तर कोड्यांची मिश्र फेरी जास्त रंगेल. मिश्र फेरीत एक जमलं नाही तर दुसरं जमतं, म्हणून पहिल्या अनुभवासाठी मला तीच बरी वाटते.

सूचनापुस्तिका: इथेच सर्वाधिक गुण दडलेले असतात

चांगल्या स्पर्धेत कोडी गुप्त असतात, पण सूचनापुस्तिका काही दिवस आधी मिळते. फेरीत कोणते प्रकार येणार, प्रत्येकाचे नियम काय, प्रत्येकी किती गुण, उत्तर कसं लिहायचं, चुकलं तर गुण कापतात का, हे सगळं तिच्यात असतं. सोबत प्रत्येक प्रकाराचं एक छोटं उदाहरण आणि त्याचं उत्तरही. अनेक जण ती वरवर चाळतात. तसं करू नका, पुस्तिका कागदावर प्रिंट करून घ्या आणि हातात पेन्सिल घेऊन बसा.

आधी नियम वाचा आणि उदाहरण उत्तर न बघता सोडवा. उत्तर जुळलं नाही तर नियम समजलेला नाही, मग पुन्हा वाचा. नियमातली एखादी बारीक अट नेहमी निसटते. 'एकाच अंकाची घरं एकमेकांना लागू नयेत' असं लिहिलेलं असतं, आणि लागू नयेत म्हणजे बाजूने की कोपऱ्यानेही, हे पुढच्या वाक्यात असतं. ही अट फेरी चालू असताना शोधायची म्हणजे दोन मिनिटं गेलीच, आणि चुकीच्या समजुतीवर अख्खं कोडं सोडवून बसलात तर दहा.

मग प्रत्येक प्रकारापुढे एक खूण करा: येतं, अर्धवट येतं, कधी पाहिलेलं नाही. 'येतं' असलेल्या प्रकारांवर सरावाचा वेळ घालवण्याचा मोह होतो, कारण तिथे मजा येते. खरा फायदा मधल्या गटात आहे. अर्धवट येणाऱ्या प्रकाराची चार-पाच कोडी दोन दिवसांत सोडवली की तो प्रकार हातात बसतो. कधी न पाहिलेल्या प्रकाराचं उदाहरण सोडवून बघा. डोकं चाललं तर घ्या, नाहीतर त्यावर या वेळेपुरती फुली मारा. सगळं शिकूनच उतरायचं म्हटलं तर उतरणं होणार नाही.

सराव: सुरुवातीच्या चाली पाठ हव्यात

वेगाने सोडवणाऱ्यांचं रहस्य मला पूर्वी वाटायचं तसं वेगवान विचारांत नाही. ते कोड्याच्या सुरुवातीला विचारच करत नाहीत. प्रत्येक प्रकारात काही आकृत्या अशा असतात की त्या दिसल्या की हात चाललाच पाहिजे. त्या पाठ असल्या की डोकं पुढच्या अवघड जागेसाठी शिल्लक राहतं.

स्लिदरलिंक घ्या. ठिपक्यांच्या जाळीवर एकच बंद वेटोळं काढायचं, आणि घरातला आकडा त्याच्या किती बाजू रेषेत आहेत ते सांगतो. अगदी कोपऱ्यातल्या घरात 3 असेल तर कोपऱ्याच्या दोन्ही बाजू लगेच काढायच्या. का? कोपऱ्याच्या ठिपक्याला दोनच रेषा मिळू शकतात. एक काढली आणि दुसरी नाही, तर रेषा तिथेच संपते आणि वेटोळं बंद होत नाही. दोन्ही सोडल्या तर घराच्या दोनच बाजू उरतात, आणि आपल्याला हव्यात तीन. म्हणून दोन्ही. हे एकदा समजून घ्यायचं आणि नंतर विचार न करता रेघ ओढायची.

काकुरोत दिलेल्या बेरजेइतके 1 ते 9 मधले अंक सलग घरांत भरायचे असतात आणि एका बेरजेत अंक पुन्हा येत नाही. दोन घरांची बेरीज 16 असेल तर तिथे 7 आणि 9 च बसतात, 17 असेल तर 8 आणि 9. या दोन जोड्या एकमेकींना छेदत असतील तर छेदाच्या घरात 9. तीन घरांची बेरीज 6 म्हणजे 1, 2, 3 आणि 24 म्हणजे 7, 8, 9. अशा दहा-बारा जोड्या पाढ्यांसारख्या पाठ करा.

गगनचुंबी इमारतींच्या कोड्यात घरातला अंक म्हणजे इमारतीची उंची, आणि एका ओळीत प्रत्येक उंची एकदाच येते. ओळीबाहेरचा आकडा त्या टोकाकडून किती इमारती दिसतात ते सांगतो, कारण उंच इमारत मागच्या ठेंगण्यांना झाकते. 6×6 च्या कोड्यात एका ओळीच्या डावीकडे 2 आणि उजवीकडे 5 असेल तर बेरीज 7, म्हणजे बाजूपेक्षा एकने जास्त. याहून मोठी बेरीज शक्यच नसते, आणि ती एवढी भरली की सर्वांत उंच इमारतीची जागा ठरते: डावीकडून दुसरं घर. दोन्ही टोकांचे आकडे असलेली प्रत्येक ओळ सुरुवातीलाच या नजरेने पाहून घ्यावी.

सुडोकूत सगळ्यात आधी खुणा कमी करायला शिका. घरात शक्य असलेले सगळे अंक बारीक अक्षरात लिहीत बसण्याची सवय स्पर्धेत मारक ठरते. कागद भरतो आणि नजर हरवते. तीन वेळा जागतिक सुडोकू स्पर्धा जिंकलेल्या थॉमस स्नायडरच्या नावाने ओळखली जाणारी खुणांची पद्धत सोपी आहे: 3×3 च्या चौकोनात एखादा अंक फक्त दोनच घरांत बसू शकत असेल, तेव्हाच त्या दोन घरांत तो बारीक लिहायचा. तीन-चार घरं शक्य असतील तर काहीच लिहायचं नाही. सुरुवातीला हात अडखळतो, पण आठवड्याभरात सवय होते.

आणखी एक गोष्ट स्पर्धेसाठी खास. स्पर्धेतल्या कोड्याला एकच उत्तर असतं याची आयोजक हमी देतात, आणि त्या हमीचा वापर करायला काहीच हरकत नाही. समजा चौथ्या आणि सहाव्या ओळीतली, दुसऱ्या आणि आठव्या स्तंभातली चार घरं रिकामी आहेत. त्यांतल्या तिघांत फक्त 3 किंवा 7 बसतो आणि चौथ्यात 3, 7 किंवा 5. चौथ्यात 5 नसेल तर चारही घरांत 3 आणि 7 ची अदलाबदल करून दोन उत्तरं तयार होतील. म्हणून तिथे 5 लिहा आणि पुढे चला. शुद्धतावाद्यांना हे पटत नाही. घरी निवांत सोडवताना मीही असं करत नाही, पण घड्याळासमोर जरूर करतो.

स्पर्धेआधी निदान दोन वेळा पूर्ण सराव फेरी द्या: तेवढाच वेळ, तेवढीच कोडी, मध्ये उठायचं नाही. जुन्या फेऱ्यांची कोडी यासाठी उत्तम. प्रत्येक कोड्याला किती वेळ लागला तो त्याच पानावर लिहा. हे आकडे पुढे लागणार आहेत.

सामान

फार काही लागत नाही. गडद उमटणाऱ्या दोन पेन्सिली, कागद न फाडणारा खोडरबर, दिसेल असं घड्याळ. रबर वेगळा ठेवा, पेन्सिलीमागचा डाग पाडतो. स्पर्धा ऑनलाइन असली तरी कोडी प्रिंट करूनच सोडवा, असं माझं ठाम मत आहे. फेरी सुरू झाली की फाइल उघडते आणि आपली मिनिटं तेव्हापासून मोजली जातात, म्हणून प्रिंटर आदल्या दिवशी एक पान काढून तपासून ठेवा. पानाच्या एकाच बाजूला छापा. पाठीमागे छापलं की पानं उलटण्यात आणि शोधण्यात वेळ जातो.

गुण आणि मिनिटं यांचा हिशोब

आता त्या दुसऱ्या अर्ध्याकडे येऊ. कोड्याचे गुण साधारणपणे ते सोडवायला किती वेळ लागेल या अंदाजावर ठरवलेले असतात. चाचणी करणाऱ्या अनुभवी मंडळींनी ते आधी सोडवून पाहिलेलं असतं. म्हणून कोडं किती अवघड आहे हे दिलेल्या अंकांवरून ठरवू नका, गुणांवरून ठरवा. सुडोकूत कमी अंक दिलेले असले की लोक घाबरतात. एकच उत्तर यायला निदान 17 अंक द्यावे लागतात हे 2012 साली संगणकाने सगळ्या शक्यता तपासून दाखवलं गेलं, पण 17 अंकांचं कोडं सोपं असू शकतं आणि 28 अंकांचं घाम काढू शकतं.

समजा फेरी 90 मिनिटांची आणि एकूण गुण 1000. सराव फेऱ्यांवरून तुम्हाला 400 च्या आसपास मिळतील असं दिसतंय. म्हणजे तुमचा दर मिनिटाला साधारण साडेचार गुण. या दराने 22 गुणांच्या कोड्याला पाच मिनिटं द्यायची आणि 90 गुणांच्या कोड्याला वीस. एवढं एक भागाकाराचं गणित आदल्या दिवशी करून पुस्तिकेत प्रत्येक प्रकारापुढे आपली मिनिटं लिहून ठेवा.

मग क्रम लावा. आधी आपल्या हातखंडा प्रकारातली छोटी कोडी, म्हणजे हात सैल होतो आणि खात्यावर काही जमा होतं. त्यानंतर, डोकं ताजं असतानाच, हातखंडा प्रकारातलं एखादं मोठं. अर्धवट येणारी छोटी कोडी शेवटच्या तिसऱ्या भागात ठेवा. अर्धवट येणारी मोठी कोडी घेऊच नका. मोठ्या कोड्यात जोखीम एकवटलेली असते. वीस मिनिटं घालवून शेवटच्या घरात विसंगती निघाली तर हाती शून्य येतं, तर तेवढ्या वेळात घेतलेल्या चार छोट्यांपैकी एक चुकलं तरी तिघांचे गुण राहतात.

शेवटची दहा मिनिटं राहिली की नवं मोठं कोडं उघडायचं नाही. हा नियम मी स्वतःला घातला आणि त्या एका नियमाने माझे गुण इतर कुठल्याही युक्तीपेक्षा जास्त वाढले.

अडकलात तर

अडकणं दोन तऱ्हेचं असतं. पुढची चाल दिसत नाही ही एक. आणि दोन सारखे अंक एकाच ओळीत आले, म्हणजे मागे कुठेतरी चुकलंय, ही दुसरी.

चाल दिसत नसेल तर नजर हलवा. आपण ज्या कोपऱ्यात काम करत असतो तिथेच डोळे रेंगाळतात. पान उलटं फिरवून बघा, हा साधा उपाय खरोखर उपयोगी पडतो. सुडोकूत 1 ते 9 प्रत्येक अंक एकदा पूर्ण पटावर फिरवून बघा. तरीही मिनिटभर काही हललं नाही तर दोन मार्ग उरतात: कोडं सोडायचं किंवा अंदाज घ्यायचा.

अंदाज घेणं म्हणजे फसवणूक नव्हे, स्पर्धेत ते सर्रास चालतं. पण शिस्तीने घ्या. दोनच शक्यता असलेलं आणि पुढे भराभर परिणाम होतील असं घर निवडा. आधीच्या पक्क्या अंकांपासून वेगळं कळेल असं लिहा. मी अंदाजाचे अंक घराच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात छोटे लिहितो. विसंगती आली की तेवढेच खोडायचे आणि दुसरी शक्यता पक्की धरायची. अंदाजावर अंदाज मात्र कधीच नको, पहिला कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे कळेनासं होतं.

मागे चूक झाल्याचं लक्षात आलं तर घड्याळात बघून एकच मिनिट शोधा. सापडली तर ठीक. नाही सापडली तर छोटं कोडं पूर्ण खोडून नव्याने सुरू करा. दुसऱ्यांदा ते निम्म्या वेळात होतं. मोठं असेल तर बाजूला ठेवा. मनाला फार लागतं, इतकी मेहनत वाया गेली असं वाटतं. पण गेलेली मिनिटं त्या कोड्याला चिकटून राहिल्याने परत येत नाहीत, पुढची मात्र नक्की जातात.

उत्तर देणं हेही एक काम आहे

प्रत्यक्ष स्पर्धेत भरलेला कागदच तपासतात. ऑनलाइन स्पर्धेत मात्र बहुधा उत्तराची किल्ली टाईप करायची असते, उदाहरणार्थ बाणाने दाखवलेल्या दोन ओळींतले अंक डावीकडून उजवीकडे. कोडं बरोबर सुटूनही किल्ली चुकली तर गुण जाऊ शकतात. एका फेरीत मी खुणेच्या उभ्या स्तंभाऐवजी आडवी ओळ टाईप केली आणि बिनचूक सुटलेल्या कोड्याचे गुण घालवले. तेव्हापासून बाणापासून सुरू करून पेन्सिल प्रत्येक घरावर टेकवत टाईप करतो. सुडोकूची ओळ असेल तर नऊही अंक वेगवेगळे आहेत ना, हे पाठवण्याआधी बघायला तीन सेकंद लागतात.

उत्तरं शेवटी एकदम भरण्यासाठी साठवू नका. दर तीन-चार कोड्यांनी भरून टाका. शेवटच्या मिनिटाला इंटरनेट गेलं किंवा हात घसरला तर सगळीच मेहनत अडकते. चुकीच्या उत्तराला दंड आहे का, उत्तर पुन्हा पाठवता येतं का, हे प्रत्येक स्पर्धेत वेगळं असतं. पुस्तिकेतली ही ओळ अधोरेखित करून ठेवा.

निकालानंतर

निकालाची यादी उघडली की नाव खाली दिसतं. पहिल्या काही स्पर्धांत ते तसंच दिसणार आहे. क्रमांक बघण्यापेक्षा विजेत्याच्या गुणांच्या किती टक्के गुण आपल्याला मिळाले ते काढा. फेऱ्या कमी-जास्त अवघड असतात आणि स्पर्धकही बदलतात, त्यामुळे क्रमांकाची तुलना फसवते, पण हे प्रमाण बऱ्यापैकी खरं बोलतं. विजेत्याला 900 आणि तुम्हाला 270, म्हणजे 30 टक्के. पुढच्या फेरीत 33 झाले तर प्रगती आहे, मग क्रमांक खाली का गेलेला असेना.

त्यानंतर, शक्यतो त्याच दिवशी, राहिलेली कोडी घड्याळाशिवाय सोडवायला बसा. जे सोडून दिलं होतं त्यात नेमकी कोणती चाल दिसली नव्हती ते शोधा आणि वहीत प्रकाराच्या नावाखाली एका ओळीत लिहा. माझ्या वहीत नुरिकाबेखाली (यात आकड्यांची बेटं पाण्याने एकमेकांपासून वेगळी ठेवायची असतात) लिहिलंय, 'दोन बेटांमधलं एकुलतं घर नेहमी पाणी'. मास्यूखाली (यात गोलांतून जाणारं एकच वेटोळं काढायचं, काळ्या गोलात रेषा वळते आणि वळणाच्या दोन्ही बाजूंना पुढच्या घरातून सरळ जाते), 'काठाजवळचा काळा गोल रेषा आत ढकलतो'. चुकलेल्या कोड्यांचं कारणही लिहा: नियम चुकीचा समजला, घाई झाली, की किल्ली चुकली. चार स्पर्धांनंतर ही पानं वाचली की आपले गुण कुठून गळतात ते स्वच्छ दिसतं. माझे घाईत गळत होते. तुमचे कदाचित निवडीत किंवा खुणांत गळत असतील, आणि त्यावर पुढच्या सूचनापुस्तिकेबरोबरच काम सुरू करता येतं.